मेणावर हिऱ्याची सुई नको

संपादक महोदय,

एडिसनचा चावीचा सिलिंडर फोनोग्राफ, म्हणजे नळकांड्यावरचे ध्वनिमुद्रण वाजवणारे जुने यंत्र, घेताना आधी रिप्रोड्यूसर, म्हणजे सुई बसवलेला आवाज काढणारा भाग, पाहावा. दोन मिनिटांच्या मेणाच्या सिलिंडरवर इंचाला आवाजाच्या 100 रेघा असतात, 1908च्या चार मिनिटांच्या ‘अँबेरॉल’ या मेणाच्याच सिलिंडरवर 200. पहिल्याला ‘सी’, दुसऱ्याला ‘एच’ रिप्रोड्यूसर लागतो. हिऱ्याची सुई 1912पासूनच्या निळ्या सेल्युलॉइड सिलिंडरसाठीच आहे. मेणावर ती टेकवली की रेघा कायमच्या खरवडतात. दाखवण्यासाठी कुणी तसे वाजवू लागले तर कृपया तिथेच थांबवा. निळ्या सिलिंडरच्या आतले प्लास्टर फुगलेले असेल, तर तो जोर लावून बसवू नये. मेणाचा सिलिंडर आतून दोन बोटे पसरून धरावा, वाजवून झाल्यावर लगेच उतरवावा. थंडीत आकसला की तो यंत्रावर जागीच तडकतो. आवाज घरघरत असेल, तर स्प्रिंगला दोष देण्याआधी रिप्रोड्यूसरमधली कडक झालेली गॅस्केट (रबरी कडे) बदलावी.

– एक संग्राहक, पुणे