ग्रुपवर टाकणे म्हणजे कळवणे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलने माणसे जवळ आणली असे सांगणारा 'अंतरे मिटली' हा आपला बुधवारचा लेख वाचला. लेखकमहाशयांची मिटली असतील, त्यांचे अभिनंदन. आमचे कराड ते चिपळूण हे कुंभार्ली घाटातले अंतर मात्र गेल्या महिन्यात भलतेच वाढले.

माझा चुलतभाऊ चिपळूणजवळच्या गावी पहाटे वारला. पुतण्याने सकाळी ६.४० ला घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी टाकली. ग्रुपवर दीडशेच्या वर माणसे, त्यात नेमकी एकादशी. बातमीच्या डोक्यावर दिवसभर विठ्ठलाचे फोटो, सुविचार आणि गुडघेदुखीवर मेथीचे पाणी. हा ग्रुप मी कधीच म्यूट करून ठेवला आहे (ज्यांनी ठेवला नसेल त्यांना माझा नमस्कार). चौथ्या दिवशी सहज उघडला, तर बातमीखाली जोडलेल्या हातांची रांग आणि एका महाभागाचा अंगठा. फोन एकाचाही नाही. सातला कुणी नुसते "काका, निघा" म्हटले असते, तर आठची एसटी धरून मी दुपारच्या आत पोहोचलो असतो.

भेटायला गेलो तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, ग्रुपवर टाकलं होतं की!"

टाकलं! पत्रही आम्ही पेटीत टाकतच होतो, पण त्यावर ज्याला कळवायचे त्याचे नाव असे.

१९७४ साली याच भावाचे वडील मुंबईत वारले. हा तेव्हा बावीस वर्षांचा. वडील घरात ठेवलेले, आणि हा तारघरात रांगेत. शब्दाला पैसे पडत, म्हणून 'फादर सिरियस स्टार्ट' एवढेच. सिरियस म्हणजे काय ते कळायला इंग्रजी लागत नसे. तारवाला दारात दिसला की आजी आधीच रडायला लागे. तेवढ्यावर न थांबता त्याने आमच्या शेजारच्या वाण्याकडे ट्रंक कॉलही लावला. तार चुकली तर, म्हणून! माझे वडील त्याच रात्री निघाले. अशा माणसाच्या मरणाची बातमी मला मेथीच्या पाण्याखाली सापडावी?

नात सांगते, ग्रुपमधल्या संदेशाच्या खुणा सगळ्यांनी पाहिल्याशिवाय निळ्या होत नाहीत, आणि संदेश दाबून धरला की कुणी वाचला त्याची यादीही निघते. म्हणजे मी वाचलेले नाही हे तिकडे दिसत होते. घरात मयत असताना याद्या कोण बघत बसणार, हे मला कळते. पण दुबईतल्या लेकीला फोन लावून व्हिडिओ कॉलवर अंत्यदर्शन घडवले. चांगलेच केले, तिच्यासाठी मी या यंत्राचे आभार मानतो. दुबईला जमले ते कराडला का नाही, एवढेच कुणीतरी सांगावे.

आपल्या पंचांगाच्या सदरातील शास्त्रीबुवांनाही एक शंका: सुतक ग्रुपवर टाकल्यापासून धरायचे की पाहिल्यापासून? मी उरलेले सहा दिवस धरले.

जाता जाता आणखी एक. सध्या आपल्या या सदराखाली टपालाचा पत्ता छापला जात नाही, फक्त ईमेल असतो. गेल्या पावसाळ्यात नळाच्या पाण्याबद्दलचे माझे पत्र जुन्या पत्त्यावर पोस्टाने गेले. मिळाले की नाही, देव जाणे. तारा २०१३ साली बंद झाल्या, पोस्टमन अजून आहे. निदान निधनवार्तांसाठी तरी फोन नंबर ठळक छापा. हल्ली तो वाचायला भिंग लागते.

हे पत्र नातीने टाइप केले आहे. पुतण्याबद्दलच्या दोन ओळी तिने गाळल्या असाव्यात, असा मला संशय आहे.

आपला,
एक जुना वाचक, कराड