१६४१ चे नुकसानीचे दावे : बेरजेआधी रकाने वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला आयर्लंडच्या १६४१ च्या उठावावरचा, म्हणजे तिथल्या कॅथलिकांनी इंग्रजी सत्तेविरुद्ध केलेल्या बंडावरचा लेख वाचला. इंग्रज जमीनदारांनी शपथेवर सांगितलेले नुकसानीचे आकडे लेखात जसेच्या तसे ‘लूट’ म्हणून छापले आहेत, आणि त्यांच्या गढ्या महिनोन्‌महिने टिकल्या त्याचे सारे श्रेय धाडसाला दिले आहे. दोन्ही ठिकाणी गफलत झाली आहे.

आधी आकड्यांचे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात या उठावाच्या, शपथेवर नोंदवलेल्या सुमारे ८,००० जबान्या ३१ बाडांत जपलेल्या आहेत. त्या नोंदवण्यासाठी २३ डिसेंबर १६४१ रोजी डीन हेन्री जोन्स यांच्या हाताखाली आठ धर्मगुरूंचे मंडळ नेमले गेले. पहिल्या हुकुमात चौकशी होती ती लुटीची आणि नुकसानीची. कोणाला ठार मारले हा प्रश्न १८ जानेवारी १६४२ च्या दुसऱ्या हुकुमाने जोडला गेला. म्हणून बहुतेक जबान्यांचा सांगाडा हिशेबाचा आहे : नाव, गाव, पेशा, मग किती पौंडांचे काय गेले, कोणी नेले आणि नेताना काय बोलले.

तारखांची एक गोम इथेच सांगतो. त्या काळी इंग्रजी वर्ष २५ मार्चला बदलत असे. कागदावर ‘जानेवारी १६४१’ दिसले तर आपल्या हिशेबाने ते १६४२ असते. लेखात दोन घटनांचा क्रम उलटला आहे तो यामुळेच.

आता रकाने. गुरे, घोडे, मेंढ्या, खळ्यातले धान्य, गवताच्या गंजी, भांडीकुंडी, कपडे ही खरोखर उचलून नेलेली मालमत्ता. तिला लूट म्हणायला हरकत नाही. पण त्याच बेरजेत भाडेपट्ट्याच्या उरलेल्या वर्षांची किंमत येते, बांधलेल्या घरांचा आणि कुंपणांचा खर्च येतो, आणि ‘शांतता होईपर्यंत दरसाल इतके बुडत राहील’ असे पुढचे उत्पन्नही धरलेले असते. त्यात बुडीत येणे मिळवलेले असते. ऋणको बंडात सामील झाला किंवा स्वतःच लुटला गेला, की सावकार ते येणे नुकसानीत दाखवतो. तो ऋणको लुटलेला असेल, तर आपली गुरे आणि धान्य तोही वेगळ्या जबानीत मांडतो. मालक बुडालेला खंड लिहितो, त्याचेच कूळ गेलेला पट्टा लिहिते. जबान्यांची सरळ बेरीज केली की एकच पैसा दोनदा मोजला जातो. माणसे खोटे बोलत होती असे मी म्हणत नाही. घर सोडून कडाक्याच्या थंडीत डब्लिन गाठलेल्या विधवांच्या जबान्या वाचताना आजही हात थांबतो. पण हानी आणि लूट हे दोन वेगळे रकाने आहेत, आणि लेखात ते एक झाले आहेत.

काही जबान्यांवर मारलेल्या काटांना, म्हणजे मजकूर खोडणाऱ्या रेघांना, लेखात ‘खोटेपणाचा पुरावा’ म्हटले आहे. तेही चूक. बहुतेक रेघा नंतरच्या आहेत. छापण्याजोगा मजकूर निवडताना कारकुनाने हिशेबाचा भाग गाळला, त्याच्या त्या खुणा आहेत. काट मारलेला मजकूर बहुधा नुकसानीचाच असतो, म्हणून या कामाला तो सर्वांत उपयोगाचा.

आता गढ्या. त्या टिकण्याचे पहिले कारण डब्लिनमध्ये आहे. २२ ऑक्टोबर १६४१ च्या रात्री ओवेन ओ’कॉनलीने किल्ला घेण्याच्या कटाची बातमी फोडली, कटातले ह्यू मॅकमहॉन आणि लॉर्ड मॅग्वायर पकडले गेले, आणि डब्लिनचा किल्ला व त्यातला शस्त्रसाठा बंडखोरांच्या हाती लागला नाही. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात चार्लमाँटसारखी ठाणी बंडखोरांचा पुढारी फेलिम ओ’नील याने अचानक गाठून घेतली, पण बंडखोरांत भिंत पाडणारी तोफ जवळपास कोणाकडेच नव्हती. आयरिश गढी म्हणजे चार-पाच मजली दगडी मनोरा. खालचा मजला कमानीचा, म्हणून दारात आग लावली तरी ती सहज वर चढत नाही. दार एकच, त्यावर वरून मारा करायची सोय, आणि खिडक्यांऐवजी जंग्या, म्हणजे गोळ्या झाडायची अरुंद भोके. तोड्याच्या बंदुकांनी अशा भिंतीचे काहीही बिघडत नाही. आत उणीव पडते ती पाण्याची, जामगीची (बंदूक पेटवायच्या दोरीची) आणि कोरड्या दारूची. शिवाय आसपासची कुटुंबे आश्रयाला आली की गर्दीने ताप पसरतो.

तोफ नाही म्हणून वेढा घालणाऱ्यांनी काय केले ते पाहा. किंग्ज काउंटीतल्या गिशिलला लेटिस डिग्बी, म्हणजे लेडी ऑफली, या साठीच्या विधवा बाई गढी धरून होत्या. वेढा घालणाऱ्या डेम्प्सी घराण्याने १४० भांडी वितळवून तोफ ओतली. अथबॉयच्या कारागिराने ती तीनदा ओतली, तेव्हा कुठे उभी राहिली, आणि पहिल्याच बाराला तडकली. भांड्यांचे धातू सरमिसळ असतात, ओतीव एकजीव होत नाही. क्लेअरमध्ये बॅलीअ‍ॅलीच्या वेढ्यात कातड्याची तोफ केली होती : लांबी सुमारे ५ फूट, तोंड ५ इंच. ३ पौंड दारू भरून बत्ती दिली तर आवाज मोठा झाला, बार मागून फुटला आणि गोळा आतच राहिला. तिथेच ३५ फूट लांब, ९ फूट रुंद अशी चार चाकांची छपरी बांधली होती. तिला ‘डुकरीण’ म्हणत. लोखंडी आस, उतरत्या छपराला ओकच्या फळ्यांचा दुहेरी थर, वर जनावरांची आणि मेंढ्यांची कातडी. बंदुकीची गोळी आत शिरू नये आणि माणसांना भिंतीच्या बुडाशी जाऊन दगड उकरता यावेत, एवढे तिचे काम.

मग जून १६४२ मध्ये चित्र पालटले. लिमरिकच्या किल्ल्याच्या तटाखाली भुयारे खणून बंडखोरांनी तो घेतला, आणि त्यात ३२ पौंडी गोळ्याची मोठी तोफ मिळाली. दलदलीतून ती नेण्यासाठी झाडाचे खोड कोरून त्यात बसवली आणि बैलांच्या २५ जोड्यांनी ओढली. परगण्यातल्या गढ्या एकामागून एक पडल्या. किलफिनीला लेडी डाउडल यांनी स्वतः माणसे भरती करून, पहारे लावून गढी लढवली होती. तोफ आल्यावर त्यांनाही ती सोडावी लागली. धाडस पूर्वीइतकेच होते.

कॉर्कमधले जमीनदार सर फिलिप पर्सिव्हल यांची लिसकॅरलची गढी हे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. आत सार्जंट रेमंड आणि जेमतेम ३० माणसांची शिबंदी. २० ऑगस्ट १६४२ ला वेढा पडला, २ सप्टेंबरला गढी गेली. दुसऱ्याच दिवशी सरकारी बाजूचा सेनापती लॉर्ड इंचिक्विन संख्येने बरीच लहान फौज घेऊन पोचला आणि जिंकला, ती तोफही हाती आली. मदत एक दिवस आधी आली असती तर आपल्या लेखात लिसकॅरलही ‘अजिंक्य’ ठरली असती.

लेखात अजिबात न आलेली एक बाजू आहे. गिशिलला वेढा घालणारा डेम्प्सी घराण्यातला व्हायकाउंट क्लॅनमॅलियर हाही जमीनदारच होता, आणि डिसेंबर १६४१ मध्ये बंडाला मिळालेले डब्लिनभोवतालचे ‘जुने इंग्रज’, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिथे स्थायिक असलेले इंग्रजी वंशाचे कॅथलिक सरदारही. इंग्लंडच्या १६४२ च्या कायद्याने आयर्लंडातली २५ लाख एकर जमीन जप्त होईल असे धरून लंडनच्या भांडवलदारांकडून आगाऊ पैसा उचलला गेला. हजार एकराचा भाव अल्स्टरात २०० पौंड, कॉनॉटात ३००, मन्स्टरात ४५०, लेन्स्टरात ६००. १६४१ साली जवळपास ६० टक्के जमीन कॅथलिकांकडे होती. १६८८ ला ती सुमारे २२ टक्क्यांवर आली. या नुकसानीच्या अशा जबान्या कोणी घेतल्या नाहीत. १६६३ च्या दावा न्यायालयात थोड्यांची सुनावणी झाली, आणि सरकारी दप्तरातले पुष्कळ कागद ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या आगीत गेले. ट्रिनिटीतली बाडे त्या इमारतीत नव्हती म्हणून वाचली.

सर्व जबान्यांच्या नकला २०१० पासून आंतरजालावर विनामूल्य आहेत. लेखकांनी उद्धृत केलेल्या जबान्यांची बेरीज कृपया तीन रकान्यांत फोडून छापावी : नेलेला माल, बुडीत येणे, पट्टे व पुढचे उत्पन्न. जागा कमी असेल तर पहिला रकाना तेवढा द्यावा.

आपला,
एक वाचक, सातारा