तो चार माझा होता

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

छायाचित्र स्पर्धेचा निकाल लागल्यापासून तुझे तीन निरोप आले आणि मी एकालाही धड उत्तर दिलं नाही. पहिल्यात तू चिडलेला होतास, दुसऱ्यात त्याहून जास्त, आणि तिसऱ्यात नुसतं 'जाऊ दे' एवढंच. तुझा राग मला समजतो, पण 'जाऊ दे' तू कधी म्हणत नाहीस. म्हणून आज लिहायला बसलो.

आधी मुख्य गोष्ट सांगून टाकतो. तुझ्या फोटोला पाचपैकी दोन परीक्षकांनी चार-चार गुण दिले, त्यातला एक चार माझा होता. परीक्षकांची नावं अजून जाहीर झालेली नाहीत, त्यामुळे मी त्या पाचांत आहे हे तुला ठाऊक नव्हतं. प्रवेशिकांवरची नावं झाकलेली होती, त्यामुळे तो फोटो तुझा आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. ते निकालाच्या यादीत कळलं, आणि त्या संध्याकाळी मी तुझा फोन उचलला नाही. ती माझी चूक.

आता आकडे बघ, कारण तू म्हणतोस तसा ओळखीपाळखीचा प्रकार त्यात नाही, पण दुसरं काहीतरी आहे. तुला पडलेले गुण ९, ९, ९, ४ आणि ४. बेरीज ३५, सरासरी ७. पहिला आलेला पुलावरच्या माणसाचा फोटो: ७, ७, ७, ७ आणि ८. बेरीज ३६, सरासरी ७.२. सातवर तुझ्यासह तिघं होते. बरोबरी झाली तर मुख्य परीक्षकाचा गुण बघायचा असा नियम होता, आणि मुख्य परीक्षक मी. बाकीच्या दोघांना मी सात दिले होते. ते दुसरे-तिसरे आले, तू चौथा. बक्षिसं तीन.

तिघा परीक्षकांना 'प्रतीक्षा' या विषयावरचा तुझा फोटो सगळ्या १४० प्रवेशिकांत सर्वांत जास्त आवडला. पुलाचा फोटो कोणाच्याही यादीत पहिला नव्हता; माझ्याही नाही, जरी तो आठ मीच दिलेला असला तरी. तो कोणाला खुपला नाही, इतकंच. मावळतीचा प्रकाश, थर्ड्सवर, म्हणजे चौकटीच्या एक-तृतीयांश रेषेवर, नेमकी उभी असलेली काळी आकृती, पाण्यात पडलेलं स्वच्छ प्रतिबिंब. त्यात चूक काढायला जागा नाही. पाच जणांची सरासरी काढली की कोणालाही न खुपणारा फोटो वर सरकतो आणि ज्यावरून भांडण व्हावं तो खाली जातो. त्या ७ आणि ७.२ मध्ये आमचा मतभेद पार पुसला गेला, आणि तुला वाटलं की पाचही जणांना तुझा फोटो थोडा कमी आवडला. तसं झालेलं नाही रे. तिघांना फार आवडला आणि दोघांना आवडला नाही. या दोन्ही गोष्टी तुला सांगायला हव्या होत्या, आणि त्या सांगायची सोयच आम्ही ठेवली नाही.

२०१२ साली संशोधकांनी हौशी छायाचित्रकारांच्या ऑनलाइन स्पर्धा भरवणाऱ्या एका संकेतस्थळावरून अडीच लाखांहून जास्त फोटो आणि त्यांना लोकांनी दिलेले एक ते दहा गुण गोळा केले. 'एव्हीए' या नावाने तो संग्रह ओळखला जातो. त्यांनी सरासरीबरोबर गुण किती विखुरलेत तेही मोजलं. ज्या फोटोंवर मतं फार फाटली होती, ते बहुतेक वेळा चाकोरीबाहेरचे किंवा एकाहून जास्त अर्थ निघणारे होते. पुढे २०१७ मध्ये गूगलच्या लोकांनी फोटोला गुण देणारं यंत्र याच संग्रहावर शिकवलं, तेव्हा ते नुसती सरासरी सांगणारं केलं नाही. किती लोक किती गुण देतील, ही सगळी विभागणी ते सांगतं. तू दुसऱ्या निरोपात वैतागून लिहिलं होतंस, 'यापेक्षा यंत्राने निकाल लावलेला बरा'. यंत्र बनवणाऱ्यांनाही सरासरी पुरली नाही, बघ.

आता माझ्या चार गुणांबद्दल. तुझा फोटो माझ्यासमोर दुसऱ्या रात्री आला, १३१ वा. पहिल्या रात्री सत्तर बघून झाले होते. फोटो उघडला तेव्हा आधी दिसली ती खिडकी: पांढरीफटक, तपशील काही नाही. मग रिकामी खुर्ची, हललेला पडदा, आणि चौकटीच्या अगदी कडेला खुर्चीच्या हातावर ठेवलेला तो म्हातारा हात, मनगटाजवळ कापलेला. माझ्या टिपणात मी लिहिलं आहे: 'हायलाइट उडालेत, कुठेच शार्प नाही, हात चुकून कापला गेलाय.' ते 'चुकून' मी कशावरून लिहिलं, हे मला आज सांगता येत नाही. तू काय करत होतास हे बघायच्या आधीच तू काय चुकलास हे मी ठरवून मोकळा झालो होतो.

निकालानंतर मला एक जुना अभ्यास आठवला. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या वाइन स्पर्धेत अनुभवी परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली होती, न सांगता, इतर पेल्यांत मिसळून. २००८ साली तो प्रसिद्ध झाला. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या टप्प्यात गुण देणारे परीक्षक साधारण दहा टक्केच निघाले. मला वाटलं, आपणही स्वतःला तपासावं. दहा दिवस जाऊ दिले, १४० पैकी चाळीस फोटो काढले, तुझा आणि पुलाचा त्यात ठेवले, क्रम उलटसुलट केला आणि जुनं टिपण न उघडता पुन्हा गुण दिले.

चाळीसपैकी तेरा फोटोंचे गुण दोन किंवा त्याहून जास्तने हलले. ही बाब मी कोणापासून लपवणार नाही. तुझ्या फोटोला या वेळी मी पाच दिले, आणि पुलाच्या फोटोला सहा. म्हणजे त्या दिवशी मी गुण दिले असते तर तुझी बेरीज ३६ झाली असती, पुलाची ३४, आणि तू त्याच्या पुढे असतास. फोटो तेच, डोळे तेच, फक्त रात्र वेगळी.

दोन रात्रींत काय वेगळं होतं, याचा मी बराच विचार केला. पहिल्यांदा पुलाचा फोटो आठ-दहा कंटाळवाण्या फोटोंनंतर आला होता आणि एकदम झळकला. तुझा फोटो एका अतिशय नेटक्या, कडक फोकसच्या चेहऱ्यानंतर आला, त्यामुळे तुझा पडदा मला आणखीच हललेला वाटला. शिवाय माझ्या मॉनिटरची ब्राइटनेस त्या रात्री वर होती. दिवसा उजेडात काम केल्यावर मी ती खाली आणली नव्हती. छपाईसाठी फोटो बघताना मी कधी असं करत नाही. तुला नऊ देणाऱ्या एका परीक्षकाशी नंतर बोललो, तर त्यांनी सगळ्या प्रवेशिका मोबाइलवर बघितल्या होत्या! छोट्या पडद्यावर तीच खिडकी 'उजेडाने भरलेली' दिसली, असं त्यांचे शब्द. मग मला प्रश्न पडला की आम्ही दोघांनी एकच फोटो बघितला का. आणखी एका स्पर्धकाने अ‍ॅडोबी आरजीबी या जास्त रंग मावणाऱ्या मांडणीत फाइल पाठवली होती. अपलोड होताना तिची प्रोफाइल, म्हणजे रंग कसे वाचायचे ही नोंद, गळाली आणि रंग मेलेले दिसले. तिघांनी शेरा मारला, 'रंग फिके'. ते रंग त्या बिचाऱ्याने फिके केलेच नव्हते.

तू म्हणतोस की व्यक्तिनिष्ठ निकाल म्हणजे लॉटरी, आणि उपाय म्हणून ठरीव तक्ता सुचवतोस: तंत्राला तीस, रचनेला तीस, परिणामाला चाळीस. इथे माझं तुझ्याशी पटत नाही. असा तक्ता मी दुसऱ्या एका स्पर्धेत भरला आहे. प्रत्यक्षात काय होतं सांगू? फोटो बघितल्याबरोबर मनात एकूण आकडा उमटतो, आणि मग तो जुळावा म्हणून रकाने भरले जातात. शेवटी तिथेही आवडनिवडच असते, फक्त हिशेबाच्या वेषात. आणि तंत्राला तीस म्हणजे कुठल्या तंत्राला? १९३२ साली अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी गट काढला, त्याला नावच दिलं 'एफ/६४', लेन्सच्या अगदी बारीक अ‍ॅपर्चरवरून, म्हणजे प्रकाश आत येण्याच्या छिद्रावरून, कारण त्यांना पुढून मागपर्यंत सगळं धारदार हवं होतं. त्यांच्या आधीच्या पिढीने धूसर, चित्रासारख्या फोटोंनाच कला मानलं होतं. तुझा हललेला पडदा एका खोलीत नऊ घेऊन आला असता, दुसऱ्या खोलीत तीन. दोन्ही खोल्यांतले लोक जाणकार, दोन्ही प्रामाणिक.

आणि परीक्षक तरी कुठे एका जागी थांबतात? १८८७ साली एका इंग्रजी मासिकाच्या हौशी छायाचित्रकारांच्या स्पर्धेत तेविशीतल्या, पुढे नावाजलेल्या अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक होते पीटर हेन्री एमर्सन. डोळ्यांना दिसतं तसं सहज टिपलेलं छायाचित्र हीच कला, असं ते हिरिरीने मांडायचे, आणि त्या फोटोत त्यांना तो सहजपणा दिसला. १८८९ मध्ये त्यांनी या मतावर अख्खं पुस्तक लिहिलं. दोन वर्षं होतात न होतात तोच काळ्या किनारीचं पत्रक काढून सांगून टाकलं की आपलं चुकलं, छायाचित्रण ही कला नाही. मला या माणसाबद्दल आदर वाटतो. मत बदललं ते त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, आणि आधीचं मत काय होतं तेही सगळ्यांना ठाऊक होतं. एमर्सन कोणत्या नजरेने फोटो बघतात, हे कळायला मार्ग होता. तुला तो नव्हता.

माझं भांडण आहे ते इथे. परीक्षकाला आवडनिवड असणारच; नसेल तर त्याला बोलवायचंच कशाला? पण ती कोणाची आहे, कशी आहे आणि या फोटोवर का चालली, हे उघड असलं पाहिजे. आम्ही पाच जण नावांमागे नाही, तर एका दशांश आकड्यामागे लपलो. कारण लिहून देणं सक्तीचं असतं, तर 'हात चुकून कापला गेलाय' हे वाक्य तुझ्यापर्यंत पोचलं असतं आणि तू मला तिथल्या तिथे विचारलं असतंस, 'चुकून कशावरून?' मला उत्तर शोधावं लागलं असतं.

आयोजकांना मी लिहिलं. पाचही गुण सुटे जाहीर करा. परीक्षकांची नावं आणि त्यांचे स्वतःचे चार-पाच फोटो प्रवेशिका मागवण्याआधी दाखवा. ज्या फोटोवर गुणांत चारपेक्षा जास्त अंतर आहे तो परीक्षकांनी एकत्र बसून पुन्हा बघावा, आणि ज्याने कमी दिले त्याने आधी बोलावं. प्रत्येक परीक्षकाला एक हक्काचा फोटो निवडू द्या, सरासरी काहीही असो. कितीतरी सलोनमध्ये, म्हणजे छायाचित्रांच्या स्पर्धा-प्रदर्शनांत, अशी परीक्षकाची स्वतंत्र पसंती असते. आणि बरोबरी एका माणसाच्या गुणावर फोडू नका, दोघांना बक्षीस द्या. सुटे गुण आणि नावं त्यांनी पुढच्या वेळेपासून मान्य केली आहेत. एकत्र बसायला वेळ नाही म्हणाले. या वेळचा निकाल बदलणार नाही, आणि खरं सांगायचं तर मीही तो बदलायला सांगितलं नाही. माझी दुसरी रात्र पहिलीपेक्षा खरी होती असं मी कशाच्या जोरावर म्हणू? हे वाचून तुला वाईट वाटेल. तरी तुझ्याशी खोटं बोलणार नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्याविरुद्ध आहे, तीही सांगतो. दुसऱ्या निरोपात तू पुलाच्या फोटोला 'कॅलेंडर' म्हणालास. तो फोटो काढणाऱ्याने तिथे उभं राहून त्या प्रकाशाची वाट बघितली असेल, कदाचित कितीतरी संध्याकाळी. विषय प्रतीक्षाच होता. आमच्यावर चिड, त्याच्यावर नको.

आता काम. त्या फोटोची मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद, मला पाठव, दाबून लहान केलेली जेपेग नको. खिडकीतल्या पांढऱ्यात काही शिल्लक आहे का ते बघतो. लाल, हिरवा, निळा यांपैकी एखादा रंगाचा चॅनल वाचला असेल तर कागदावर पडद्याची वीण येईल. मोठा प्रिंट काढतो आणि भिंतीवर लावून आठवडाभर बघतो, या वेळी दिवसाउजेडी. आणि तो हात कोणाचा आहे, तो तिथेच का कापलास, हे मला लिही. खिडकी खरोखर जळालेली, म्हणजे तपशील न उरलेली, निघाली तर माझे पाच कायम राहतील, आणि आपण समोरासमोर बसून भांडू.

तुझाच,
मुख्य परीक्षक नव्हे, मित्र