वारीत फोड फोडायची सुई प्रत्येकाला वेगळी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माऊलींची पालखी सासवडला मुक्कामी असते तेव्हा गावात जागोजागी पाय चोळून द्यायचे, मलमपट्टीचे मंडप लागतात. पुण्याहून दिवे घाट चढून आलेली माणसं, तळपायाला फोड, टाचांना भेगा, आणि कॉलेजची पोरंपोरी खाली बसून त्यांचे पाय मांडीवर घेतात, बघून मन भरून येतं. मी बरीच वर्षं नर्स म्हणून काम केलंय, या पोरांचं मला मनापासून कौतुक आहे आणि म्हणूनच हे लिहितेय.

यंदा एका मंडपात बघितलं, एकच सुई, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची की लगेच पुढच्याचा फोड फोडायचा. दुसरीकडे सुई लायटरवर धरत होते. एवढ्याने भागत नाही हो! हिपॅटायटीस बी, सी (म्हणजे काविळीचेच प्रकार) आणि एचआयव्ही हे रक्तातून पसरणारे आजार, आणि बी चा विषाणू तर वाळलेल्या रक्तातसुद्धा सात दिवस टिकतो, त्याला डोळ्यांना दिसेल एवढं रक्तही लागत नाही. २००९ साली गुजरातमध्ये मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज परत वापरल्याने हिपॅटायटीस बी ची साथ आली होती, कितीतरी लोक दगावले. वारकरी तर पुढे जेजुरीला निघून जातो, दोन-तीन महिन्यांनी त्याला गावी कावीळ झाली तर ती सासवडच्या मंडपातून आली हे कुणाला कळणार?

खरं म्हणजे फोड फोडायची गरजच बऱ्याचदा नसते. अख्खा असेल तर वरची कातडी हेच त्याचं सगळ्यात चांगलं ड्रेसिंग, साबणाने पाय धुवून गॉज लावून सोडून द्या. फुटला असेल तरी कातडी ओढून काढू नका. फारच मोठा असेल, चालताच येत नसेल तर ते काम डॉक्टर-नर्सचं, आणि तेही पाकीटबंद सुईने, एका माणसाला एक, वापरली की जाड प्लास्टिकच्या डब्यात. शुगर असलेल्या माणसाच्या पायाला तर आपण हौसेने हात लावूच नये, सरळ डॉक्टरकडे पाठवावं.

ग्लोव्हजचं पण तसंच. सकाळी घातलेले ग्लोव्हज दुपारपर्यंत तेच, मग त्याने फक्त घालणाऱ्याचा हात वाचतो, समोरचे पाय एकामागून एक त्याच घाणीला लागतात. माणूस बदलला की ग्लोव्हज बदलायचे, काढताना आतली बाजू बाहेर येईल असे काढायचे आणि नंतर हात धुवायचेच. चिखलाने माखलेल्या हातावर सॅनिटायझर चोळून काही होत नाही, साबण आणि पाणीच हवं. एकाच घमेल्यात सगळ्यांचे पाय, एकच टॉवेल, मलमाच्या डबीत तेच बोट, हेही बंद करा. मगाने वरून पाणी ओता, मलम कापसावर काढून घ्या.

आणि पोरांनो, तुमच्या स्वतःच्या बोटाला कापलेलं असेल तर आधी त्यावर पट्टी लावा. वापरलेली सुई टोचली तर बोट पिळत किंवा चोखत बसू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा, एचआयव्ही टाळायची औषधं जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांनंतर उपयोग नाही. लाजून घरी बसू नका.

मंडळांना एकच विनंती. हिपॅटायटीस बी ची लस मोठ्यांनाही घेता येते, तीन डोस असतात, पहिला, मग महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी. म्हणजे पुढच्या आषाढीला मंडपात बसणाऱ्या पोरांचा पहिला डोस फार तर डिसेंबरच्या सुरुवातीला व्हायला हवा. चहा-बिस्किटांची वर्गणी काढता तेव्हाच लस आणि ग्लोव्हजचे पैसे पण धरा, आणि नावं दिवाळीतच लिहून घ्या.

आपली,
एक वाचक, सासवड