'लिटरली' आणि आपलं 'अक्षरशः'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'लिटरली' या शब्दाने तरुणांच्या मराठीचा विचका केल्याची तक्रार करणारं पत्र याच सदरात वाचलं. जे शब्दशः खरं नाही त्याला 'लिटरली' म्हणणं हे अज्ञान, असं पत्रलेखकाचं म्हणणं. मी तीस वर्षं मुद्रितशोधक होतो, चुका काढण्यावरच पोट भरलं. पण ही चूक मला काढवत नाही.

लॅटिनमध्ये 'लिटेरा' म्हणजे अक्षर, त्यावरून हा शब्द आला. अतिशयोक्तीसाठी तो वापरल्याचं इंग्रजीतलं उदाहरण थेट १७६९ सालचं सापडतं. मार्क ट्वेनच्या कादंबरीतला टॉम सॉयर १८७६ मध्ये 'लिटरली' संपत्तीत लोळत होता. ती संपत्ती म्हणजे गोट्या, खडूचा तुकडा, एका डोळ्याचं मांजराचं पिल्लू वगैरे! मेरियम-वेब्स्टरच्या कोशाने हा अर्थ १९०९ मध्येच नोंदवला.

आणि आपण काय वेगळं करतो? दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून रस्त्यांची 'अक्षरशः चाळण' होते. असली प्रुफं मीही निमूटपणे पुढे सोडली आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल खरोखरच वाहून गेला, तेव्हा या शब्दात काही जोरच उरलेला नव्हता.

माझं दुखणं निराळं आहे. नात फोनवर म्हणते, "आबा, आज मी लिटरली दमले." इथे अतिशयोक्तीही नाही, नुसतं 'खूप' म्हणायचंय. मग 'लिटरली सेम ड्रेस', 'लिटरली रडू आलं', 'सर लिटरली हसले' असं सुरू होतं. मराठीत या चार ठिकाणी चार शब्द लागतात. दमायचं ते पार, ड्रेस हुबेहूब, रडू अगदी डोळ्यांपर्यंत आलेलं, आणि कधी न हसणारे सर हसले तर ते चक्क हसले. 'चक्क'मध्ये बोलणाऱ्याचे विस्फारलेले डोळे दिसतात, ते 'लिटरली'त कुठून दिसणार? शिवाय नुसता 'च' लावून काम भागवण्याची आपली सोय आहेच. दमलेच मी, बस्स.

नातीला मी टोकत नाही. टोकलं की फोन कमी येतात. आपल्याला मात्र एक विनंती. यंदाच्या पावसाळ्यात रस्त्यांची चाळण होऊ द्या, ती होणारच. तेवढं 'अक्षरशः' काढून टाका.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, सातारा