चेरीचा नाद सोडवून सीताफळाच्या वाटेला लावणाऱ्या सरांस

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

दिवाळीत आपल्या घरी येऊन नमस्कार करून गेलो, परंतु माणसांच्या गर्दीत मनातले बोलता आले नाही. शिवाय ‘उष्ण हवामानातील गोड चेरी’ची रोपे मिळतात का, अशी चौकशी आमच्या धारूर, केज भागात अजूनही होत असते. म्हणून हे आभाराचे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

चार वर्षांपूर्वी जून महिन्यात माझा सैन्यात असलेला थोरला मुलगा सुटीवर येताना काश्मीरमधून चेरीची पेटी घेऊन आला. आईने ती फळे खाऊन बिया धुऊन वाटीत ठेवल्या आणि “आपल्या माळावर लावून बघ,” म्हणाली. डोंगराच्या उतारावरची चार एकर मुरमाड जमीन तेव्हा पडीक होती. त्याच सुमारास एका रोपवाटिकेचा माणूस गावात आला आणि मराठवाड्यातही येणारी चेरी म्हणून चारशे रोपांची मागणी नोंदवून इसार घेऊन गेला. नमुन्याचे एक रोप त्याने ठेवले होते. ते घेऊन मी आपल्याकडे आलो, ते केवळ चेरीच्या कोणत्या जाती मिसळून लावाव्यात एवढे विचारण्यासाठी.

आपण उत्तर देण्याआधी रोपाची कुंडी उजेडात घेतली. पाने फांदीवर समोरासमोर जोडीने होती आणि त्यांच्या कडा गुळगुळीत होत्या. गोड चेरीचे पान एकाआड एक येते, त्याची कड करवतीसारखी असते आणि देठावर, पात्याच्या अगदी खाली, लालसर दाण्यांसारख्या दोन ग्रंथी असतात, हे आपण भिंगातून माझ्याच डोळ्यांनी तपासायला लावले. आमच्या रोपावर तसे काहीच नव्हते. “ही बार्बाडोस चेरी आहे. झाड वाईट नाही, पण तुम्ही पेटीत खाल्लेले फळ हे नव्हे. याच्या फळात तीन बिया निघतील, पेटीतल्या फळात एकच होती,” असे आपण सांगितले. चारशे रोपांचा पैसा त्या क्षणी वाचला. इसार मात्र अजून परत मिळालेला नाही.

तेवढ्यावर आपण मला वाटेला लावू शकला असता. परंतु खरी गोड चेरी आणली तर काय होईल, हा माझा प्रश्नही आपण टाळला नाही. या झाडाच्या कळ्या हिवाळ्यात झोपतात आणि त्यांची झोप पुरी व्हायला सात अंशांखालच्या गारठ्याचे, जातीनुसार, साधारण आठशे ते बाराशे तास लागतात. ते मिळाले नाहीत तर फुलोरा मागेपुढे, अर्धवट येतो आणि फळ धरत नाही. परभणीला तर पारा केवढा खाली जातो, असे मी म्हणालो, तेव्हा आपण कागदावर हिशेब मांडला: दहा रात्री, पहाटेचे तीन-तीन तास, म्हणजे तीस तास. “परभणीच्या थंडीची बातमी होते, कारण ती रोजची नसते,” हे आपले वाक्य मी त्यानंतर अनेकांना ऐकवले आहे. आणि उन्हाळ्याचे काय, तर पुढल्या वर्षीच्या कळ्या घडत असताना कडक ऊन लागले की एका देठावर जोडफळे येऊ लागतात, ती बाजारात कोणी घेत नाही.

जातींविषयी आपण जे समजावले ते मला आजही नवल वाटण्यासारखे आहे. अमेरिकेतील ओरेगनमध्ये १८७५ च्या सुमारास निघालेली बिंग, तिच्या जोडीला लॅम्बर्ट आणि नेपोलियन, अशा तीन नामांकित जाती कोणी शिमल्याच्या डोंगरात एकत्र लावल्या, तर बाग फुलांनी पांढरी होईल, पण फळाविना राहील. कारण या तिन्ही जातींचा पराग एकमेकींना चालत नाही आणि स्वतःलाही चालत नाही. तेथे वेगळ्या गटाची, त्याच आठवड्यात फुलणारी जात मध्ये घ्यावी लागते, किंवा कॅनडात समरलँड येथे तयार होऊन १९६८ मध्ये प्रसारित झालेल्या स्टेलासारखी, स्वतःच्या परागावर फळणारी आणि इतरांनाही पराग देणारी जात लावावी लागते. म्हणजे बाग निवडताना झाड एकटे निवडायचे नसते, त्याचा शेजारही निवडायचा असतो, ही गोष्ट मला प्रथमच कळली.

मग आपण विचारले, “तुमच्या माळाच्या बांधावर काय आपोआप उगवते?” सीताफळ, असे मी ओशाळून सांगितले. ज्या बीड सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते आमच्या बालाघाटाचेच फळ. पण घरचे म्हणून त्याची बाग लावावी असे मला कधी वाटले नव्हते. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्रात आपण स्वतः बरोबर आलात. तेथे सीताफळाच्या तीन जाती समोर होत्या: धारूर-६ हे आमच्याच डोंगरातील झाडांतून निवडलेले, बाळानगर लवकर हाती येणारे पण पिकल्यावर न थांबणारे, आणि बार्शीकडून आलेले एनएमके-१ उशिरा तयार होणारे, कमी बियांचे व अधिक टिकणारे. धारूरहून मोठी बाजारपेठ लांब असल्याने टिकाऊपणाला अधिक वजन द्यावे, असे आपले मत पडले आणि मी तीन एकर एनएमके-१ व एक एकर धारूर-६ अशी रायवळ, म्हणजे बियांपासून वाढलेल्या गावठी, खुंटावरची कलमे लावली.

येथेही परागाचा धडा उपयोगी पडला. सीताफळाचे फूल आधी मादी असते. त्याचा पराग सुटेपर्यंत त्याच फुलाची चिकट कुक्षी, म्हणजे पराग धरणारा भाग, सुकून जाते, आणि हवा कोरडी असली तर ती आणखी लवकर सुकते. या जूनमध्ये पाऊस लांबला तेव्हा आपण दाखवल्याप्रमाणे पूर्ण उमललेल्या फुलांतला पराग बाटलीच्या झाकणात गोळा केला आणि सकाळी लवकर, चित्रकलेच्या बारीक ब्रशने, अर्धवट उघडलेल्या फुलांच्या आत फिरवला. एका ओळीतील बारा झाडांवर सूनबाईंनी आणि मी हे केले. ब्रश फिरलेली फळे चारही बाजूंनी सारखी भरली. शेजारच्या ओळीतली कित्येक एका अंगाने चेपलेली राहिली. त्या बारा झाडांची पहिली पाटी दिवाळीत आपल्याकडे ठेवून गेलो होतो, ती कुठली हे सांगायचे राहून गेले.

नमुन्याचे ते रोप आईने अंगणात लावले होते. त्याला यंदा लाल फळे आली. नातवंडांनी एक फोडून पाहिले, तीन बिया निघाल्या.

आपला ऋणी,
धारूर तालुक्यातील एक सीताफळ बागायतदार
जि. बीड