हँडल बदलताय? आधी ब्रेकचं बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सायकलींवर पूर्ण पान आलं होतं, दोनदा वाचलं. टायर कुठले, गिअर किती, हेल्मेट डोक्यावर कसं बसलं पाहिजे, सगळं छान लिहिलंय. पण हँडलबद्दल एकच ओळ, तीही आवडीप्रमाणे घ्या अशी. म्हणून हे पत्र. कारण आमच्या साताऱ्यात सध्या बरीच मुलं माउंटन बाइकचं सरळ हँडल काढून रेसर सायकलसारखं वळलेलं हँडल लावतायत, ज्याला ड्रॉप बार म्हणतात, दोन वर्षांपूर्वी मीही लावलं होतं, आणि यवतेश्वरच्या घाटात उतारावर ब्रेक लागेना तेव्हा काय वाटलं ते मी अजून विसरलेलो नाही.

मुलांना हे का करावंसं वाटतं ते मला कळतं. आमचा रस्ता एका जातीचा नसतोच. बोगद्यातून बाहेर पडायचं, सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघरपर्यंत डांबरी, मग वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या मधून मुरमाचे रस्ते, मध्येच जांभ्याचा खडक उघडा पडलेला, आणि खाली उतरताना कुठे कुठे कारवीतून जाणारी पायवाट. (फुलांच्या दिवसात सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, सायकल घालू नका, गाडीवाट सोडू नका, हे जाता जाता सांगतो, कारण चाकाच्या खुणा मी स्वतः बघितल्यात आणि फार वाईट वाटतं.) पठारावर वारा असा असतो की ७८० मिलिमीटरच्या रुंद हँडलवर हात पसरून बसलं की छातीचं शीड होतं, पॅडल मारून मारून माणूस जागच्या जागी. तिथे खाली वाकून हात आत घेता आले तर किती बरं, असं प्रत्येकाला वाटतं. शिवाय परदेशातल्या शर्यतींचे व्हिडिओ आहेतच. २०२४ साली अमेरिकेतल्या लेडव्हिलच्या १०० मैलांच्या शर्यतीत कीगन स्वेन्सन या सायकलपटूने माउंटन बाइकला ड्रॉप बार लावून पहिला नंबर मिळवला, तेव्हापासून तर विचारूच नका. पण लेडव्हिलचा मार्ग बराचसा रुंद कच्च्या रस्त्यांचा आहे, चिंचोळ्या खडकाळ वाटा तिथे कमीच, तिथे वाऱ्याला तोंड द्यायला वाकणं फायद्याचं ठरतं. आणि ही कल्पना काही नवीनही नाही, १९९० साली कोलोरॅडोत दुरँगोला पहिली अधिकृत जागतिक माउंटन बाइक स्पर्धा झाली तिथे जॉन टोमॅक हा सायकलपटू असंच वळलेलं हँडल लावून उतरला होता, कारण त्या वर्षी तो रोडच्या शर्यतीही पळवत होता आणि अंगाला बसायची तीच सवय ठेवायची होती. या लोकांची फ्रेम, स्टेम (हँडल सायकलला धरून ठेवणारा तुकडा), ब्रेक सगळं त्या हँडलला धरून बसवलेलं असतं. आपण नुसतं हँडल बघतो.

माझं काय झालं ते सांगतो. माझी २९ इंची चाकांची साधी हार्डटेल (फक्त पुढे शॉकअप असलेली), केबलवाले डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाच्या मध्यावरच्या तबकडीला पॅड आवळणारे. एका दुकानात (नाव लिहीत नाही) ड्रॉप बार आणि त्याला लागणाऱ्या ब्रेकच्या लिव्हर बसवून घेतल्या. दुकानातल्या माणसाने पॅड डिस्कच्या अगदी जवळ आणून ठेवले, सपाटीवर चालवून बघितलं, ब्रेक लागत होता, मी खूश. पंधरा दिवसांनी कासहून परत येत होतो, सप्टेंबरचा रविवार, फुलं बघायला आलेल्या गाड्यांची घाटात रांग, उतारावर सारखा ब्रेक धरून धरून पॅड थोडे झिजले असणार, आणि एका वळणावर दोन्ही लिव्हर दाबल्या तर त्या थेट हँडलला जाऊन टेकल्या. पुढे गाडी उभी. डोंगराच्या बाजूच्या चरीत सायकल घातली, चिखल होता म्हणून वाचलो, कोपर सोललं तेवढ्यावर भागलं.

नंतर शोध घेतला तेव्हा कारण कळलं, आणि ते इतकं साधं आहे की दुकानात कुणीतरी सांगायलाच हवं होतं. ड्रॉप बारची लिव्हर दाबली की केबल कमी ओढली जाते. माउंटन बाइकच्या केबलवाल्या डिस्क ब्रेकला आणि व्ही ब्रेकला (चाकाची रिम दोन्हीकडून आवळणाऱ्या) केबल जास्त ओढली जावी लागते. म्हणजे दोघांची जोडीच जमत नाही, लिव्हरचा प्रवास संपतो पण पॅड अजून पूर्ण आवळलेले नसतात, आणि पॅड जरा झिजले की उरलंसुरलंही जातं. म्हणूनच एव्हिड कंपनीचा बीबी७ सारखा ब्रेक रोडचा (रेसर सायकलचा) वेगळा आणि माउंटनचा वेगळा असा दोन प्रकारांत मिळतो, दिसायला जवळपास सारखा, काम वेगळं. ड्रॉप बार लावायचाच असेल तर ब्रेकचा कॅलिपर (पॅड आवळणारा भाग) रोडचा घ्या. आणि कुठलंही हँडल लावा, लिव्हर पूर्ण ताकदीने दाबल्यावर ती आणि हँडल यांच्यात बोटभर जागा उरलीच पाहिजे, नसेल तर त्या सायकलवर घाट उतरू नका, हात जोडून सांगतो.

बाकीच्या गोष्टी जिवावर बेतणाऱ्या नाहीत पण खिशावर बेततात. सरळ हँडलची पकडायची जागा २२.२ मिलिमीटर जाडीची असते, ड्रॉप बारची २३.८, म्हणजे जुन्या ब्रेक लिव्हर आणि गिअरचे शिफ्टर नव्या हँडलवर चढतच नाहीत, सगळं नवीन. गिअरचंही तसंच, शिमानो कंपनीचं जुनं ९ स्पीड (मागे नऊ गिअर) असेल तर रोडचा शिफ्टर माउंटनच्या मागच्या डिरेलरबरोबर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाबरोबर) चालून जातो, १० स्पीडपासून पुढे दोघांची केबलची ओढ वेगळी झाली, मग एक गिअर टाकला की पूर्ण एक पडतच नाही. ऑइलवाले हायड्रॉलिक ब्रेक असतील तर खर्च आणखी मोठा. सर्ली कंपनीचा कॉर्नर बार म्हणून एक हँडल निघालंय, आकार ड्रॉपचा पण जाडी सरळ हँडलची, त्यावर जुन्या लिव्हर आणि शिफ्टर बसतात, ज्याला हौस आहे त्याने निदान तो तरी बघावा. आणि हँडलचा मधला भाग स्टेममध्ये धरला जातो तिथल्या जाडीचं मापही आधी विचारा, बहुतेक ठिकाणी ३१.८ मिलिमीटर असतं पण नव्या माउंटन बाइकना ३५ पण येतं, जुन्यांना २५.४, एकाचं हँडल दुसऱ्याच्या स्टेममध्ये नीट बसत नाही आणि मध्ये काहीतरी पत्रा घालून आवळणं म्हणजे निव्वळ वेडेपणा.

आता फ्रेमचं. माउंटन बाइकची फ्रेम लांब केलेली असते कारण तिला छोटं स्टेम आणि रुंद सरळ हँडल धरलेलं असतं. ड्रॉप बार स्वतःच ७०-८० मिलिमीटर पुढे जातो, त्याच्यापुढे लिव्हरचं बोंड (वरून हात ठेवायचा उंचवटा), म्हणजे हात दहा सेंटिमीटरच्या वर पुढे गेले. स्टेम कितीही छोटं लावलं तरी मला ताणूनच बसावं लागायचं, मान दुखायची, आणि उतारावर वजन पुढच्या चाकावर. उलटंही तितकंच खरं. माझ्या भाच्याने ग्रॅव्हल बाइक (कच्च्या रस्त्यावर चालणारी रेसरसारखी सायकल) घेतली, तिला ड्रॉप बार कंपनीकडूनच आलेला, त्याला भीती वाटायला लागली म्हणून म्हणाला मामा, तुझं जुनं सरळ हँडल दे. मी म्हटलं थांब, ती फ्रेम आखूड आहे, सरळ हँडल लावलंस तर गुडघे हँडलला लागायच्या बेताला येतील. त्याचं हँडल ४२ सेंटिमीटरचं होतं, खालची टोकं अगदी सरळ. त्याऐवजी खालची टोकं बाहेर फाकलेलं, साधारण २० अंश फाक असलेलं हँडल लावलं आणि स्टेमखाली दोन रिंगा घालून वर उचललं. मुरमाच्या उतारावर आता तो खालच्या टोकांना धरून उतरतो, तिथून लिव्हरवर बोटांची पकड चांगली येते, वरून बोंडं धरून ब्रेक मारायचा म्हटलं तर केबलवाल्या ब्रेकला जोर कमी पडतो. म्हणजे खालची जागा ही रोजच्या वापरातली जागा झाली पाहिजे, ती इतकी खाली असता कामा नये की तिथपर्यंत पोचायलाच कंटाळा यावा.

मी मात्र सरळ हँडलवर परत आलो आणि आमच्या रस्त्यांसाठी, ज्याच्याकडे आधीच माउंटन बाइक आहे त्याला, मी हेच सांगेन. पण सरळ म्हणजे अगदी सरळ दांडकं नाही. माझी करंगळी आणि शेजारचं बोट तासाभरात बधिर व्हायचं, डॉक्टर म्हणाले तळहाताच्या बुडाशी जी नस जाते तिच्यावर वजन पडतंय. आधी सीटचं नाक खाली झुकलेलं होतं ते सपाट केलं, निम्मा त्रास तिथेच गेला. मग आठवलं, आमच्या लहानपणी पोस्टमन आणि दूधवाले ज्या काळ्या सायकली चालवायचे त्यांचं हँडल मागे वळलेलं असायचं, किटल्या लावून दिवसभर गावभर फिरायचे. त्या हँडलवर मनगट सरळ राहतं, तेच कारण. माउंटन बाइकचं नेहमीचं हँडल ७-९ अंश मागे वळलेलं असतं, मी १६ अंशांचं लावलं, हात थोडे मागे आले म्हणून स्टेम २० मिलिमीटर लांब घेतलं, आणि आता ठोसेघरला जाऊन यायला बोटं जागी असतात. जोन्स कंपनीचं हँडल तर ४५ अंशांचं असतं, लांबच्या प्रवासाला ते आवडणारे खूप आहेत, पण कारवीच्या वाटेवर मला त्याने सायकल पटकन वळवता आली नाही, हे माझं मत.

हँडल रुंद वाटलं तरी लगेच कापू नका. आधी ग्रिप आणि लिव्हर एकेक सेंटिमीटर आत सरकवा, दोन आठवडे तसंच चालवा, मग पाइप कटरने दोन्हीकडून थोडं थोडं कापा, कापलेलं परत जोडता येत नाही. मी ७८० वरून ७२० वर थांबलो, कारवीची खोडं आता बोटांवर बसत नाहीत आणि दगडातून उतरताना हँडल हातातून हिसकतही नाही. वाऱ्यासाठी लिव्हरच्या आतल्या बाजूला छोटी शिंगं (हात धरायला पुढे आलेल्या दांड्या) लावलीत, चढावर आणि पठारावर तिथे हात ठेवले की कोपरं आत येतात, छाती खाली जाते. फक्त तिथून ब्रेकपर्यंत बोट पोचत नाही, म्हणून उतारावर आणि गर्दीत तिथे हात न्यायचा नाही, हे अंगवळणी पाडून घ्यावं लागतं.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी सायकलींचं पान काढाल तेव्हा ब्रेकची लिव्हर आणि कॅलिपर यांच्या जोडीबद्दल एक ठळक चौकट द्या, आणि दुकानदार मंडळींनीही हँडल बदलून देताना बिलावर लिव्हर कुठली आणि ब्रेक कुठला ते लिहून द्यावं. फुलांचे दिवस आले की यवतेश्वरच्या घाटात परत गाड्यांची रांग लागेल, त्याच्या आधी हे छापून आलं तर बरं होईल.

आपला नियमित वाचक,
सातारा